गाडी, डीपी आणि दुपारचे ऊन



आजचा विषय विजेवर चालणारी मोटार हा आहे, पण माझे बरेचसे बोलणे मोटारीपेक्षा डीपीबद्दल, म्हणजे गल्लीतल्या रोहित्राबद्दल होणार आहे. जालन्यात, अंबडला किंवा भोकरदनला इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला की किमतीच्या आधी आणि एका चार्जिंगमध्ये गाडी किती किलोमीटर जाते याच्याही आधी एक प्रश्न येतो: लाइट गेली तर? शोरूममधला विक्रेता त्यावर बॅटरीची हमी सांगतो. सरकार अनुदान जाहीर करते. विचारले एक आणि सांगितले भलतेच, असे दोघांकडूनही होते. माझे म्हणणे असे की हा प्रश्न अज्ञानातून आलेला नाही. या भागाने विजेचा जो अनुभव पिढ्यान्‌पिढ्या घेतला, त्याचा तो निष्कर्ष आहे. त्याला खरे उत्तर द्यायचे तर गाडी केव्हा आणि कुठे चार्ज करायची हे आधी ठरवावे लागेल. बाहेरून आपल्याकडे आलेला सल्ला ‘रात्री घरी लावून ठेवा’ असा आहे. जालना जिल्ह्यासाठी तो सल्ला मला बरोबर वाटत नाही. इथे गाडी दिवसा, उन्हाच्या तासांत, कामाच्या जागी चार्ज व्हायला हवी. तसे झाले तर ती वीजजाळ्यावर बोजा होणार नाही, उलट त्याला आधार देईल. आणि लोकांच्या मनातला संशय फिटायला सुरुवातही तिथूनच होईल.

हा विषय जालन्यात बोलण्याला कारण आहे. 11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि 5 जून 2025 रोजी संपूर्ण 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. तो आपल्या जिल्ह्यातून जातो. राज्याच्या 2025 च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणाने या महामार्गावर विजेवरच्या मोटारींना टोलमाफी दिली. शेजारी बिडकीनला इलेक्ट्रिक स्कूटरचा आणि मोटारींचा कारखाना उभारण्याचे करार 2024 मध्ये झाले. म्हणजे ज्या गाडीबद्दल आपण साशंक आहोत, ती आपल्या अंगणात तयार होणार आहे आणि आपल्या दारावरून जाणार आहे. ती आपल्या दारात उभी राहील की नाही, एवढेच ठरायचे आहे.

लोकांच्या संशयाचा विचार करताना आधी ते काय नाकारत नाहीत ते पाहिले पाहिजे. 2024-25 या वर्षात देशात सुमारे साडेअकरा लाख इलेक्ट्रिक दुचाकी विकल्या गेल्या. नव्या तीनचाकींपैकी निम्म्याहून अधिक विजेवरच्या होत्या. नव्या मोटारींमध्ये मात्र हे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास राहिले. देश तोच, तारा त्याच, माणसेही पुष्कळदा तीच. विजेवर चालणाऱ्या वाहनाचीच भीती असती तर ती रिक्षात बसतानाही वाटली असती. मार्च 2022 मध्ये पुण्यात लोहगावला भररस्त्यात स्कूटर पेटल्याचे चित्र देशभर फिरले. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक झाले, ते डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाले, आणि दुचाकींची विक्री वाढतच राहिली. स्कूटरची बॅटरी दोन-तीन युनिटांची असते, घरातल्या साध्या प्लगवर भरते, आणि लाइट गेली तर फार तर एक दिवस स्कूटर जागेवर राहते. मोटारीची बॅटरी तीस-चाळीस युनिटांची, आणि तिच्यावर अख्खे घर विसंबलेले. तेव्हा नकार आहे तो विजेवर मोठा भरवसा टाकण्याला.

हा भरवसा का नाही, हे समजायला फार मागे जावे लागत नाही. 6 जून 2005 रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महापारेषण आणि महानिर्मिती या कंपन्या झाल्या, आणि त्याच सुमारास मराठवाड्याच्या खेड्यांत बारा-बारा तासांचे भारनियमन चालू होते. पुढे वीज पुरेशी झाली, पण गळती आणि वसुलीनुसार फीडरचे ए, बी, सी असे गट पडले आणि खालच्या गटातल्या गावांना अंधार चुकला नाही. ज्याने बिल भरले तोही शेजाऱ्याच्या थकबाकीपायी अंधारात बसला. शेतीला आठ तास थ्री फेज, तीही आठवड्याच्या पाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री. डीपी जळाली की ती बदलून मिळेपर्यंत पिकाचे काय होते, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. रब्बीच्या ऐन हंगामात गावचे लोक वर्गणी काढून, ट्रॅक्टर देऊन रोहित्र आणतात. वायरमन येईपर्यंत वाट पाहतात. ज्या माणसाने हे सोसले आहे त्याने ‘लाइट गेली तर?’ विचारावे, यात मला शहाणपणच दिसते.

त्यात मोटार ही आपल्याकडे नेहमीच्या फेरीसाठी घेतलेली वस्तू नाही, हे परगावच्या हिशेबनीसांच्या ध्यानात येत नाही. सरासरी माणूस दिवसाला तीस-चाळीस किलोमीटरच फिरतो, मग काळजी कशाची, असे ते सांगतात. पण जाफराबाद किंवा घनसावंगीच्या घरात गाडी घेताना मनात असते ती रात्री दोन वाजताची निकड: आजारी माणसाला जालन्याला आणि तिथून पुढे साठ किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात न्यायचे आहे. लग्नसराई असते, पंढरपूर असते. गाडी त्या एका दूरच्या, अवेळच्या प्रवासासाठी घेतली जाते, आणि तिची परीक्षाही त्याच प्रवासावर होते. सरासरीचे आकडे इथे निरुपयोगी आहेत. उपयोगी हिशेब वेगळा आहे. चाळीस युनिटांची बॅटरी असलेली गाडी आपल्या रस्त्यांवर अडीचशे किलोमीटरच्या आसपास जाते. बॅटरी तिसऱ्या हिश्श्याच्या खाली कधी येऊ दिली नाही, तर कुठल्याही रात्री ऐंशी किलोमीटर हाताशी असतात. जिल्ह्याच्या बहुतेक गावांतून जालन्याला पोचायला तेवढे पुरतात. पण थेट घाटी गाठायची असेल तर बॅटरी निम्म्याच्या वर लागेल, आणि मंठा-परतूरकडच्या माणसाला त्याहूनही जास्त. म्हणून रोज थोडी थोडी भरण्याची खात्रीची जागा हवी. समृद्धीवर ताशी 120 च्या वेगाने गेल्यास हाच पल्ला बराच घटतो, आणि मधल्या लांब टप्प्यांवर खाणे-पिणे, पंप, चार्जर यांची सोय अजून विरळ आहे. या बाबतीतली ग्राहकाची तक्रार पूर्ण खरी आहे.

आता वीजजाळ्याकडे वळू. इलेक्ट्रिक गाड्या वाढल्या तर वीज पुरेल का, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. याचे उत्तर जालन्याइतके सोपे करून दुसरीकडे कुठे सांगता येणार नाही, कारण इथे लोखंड वितळते. भंगार वितळवून बिलेट आणि त्यातून सळई करणाऱ्या इंडक्शन भट्टीला एक टन लोखंडामागे साधारण साडेपाचशे ते साडेसहाशे युनिट वीज लागते. एक मोटार रोज चाळीस किलोमीटर चालली तर तिला सहा युनिट लागतात. समजा, जिल्ह्यात दहा हजार इलेक्ट्रिक मोटारी झाल्या. त्यांची रोजची गरज साठ हजार युनिटांची, म्हणजे शंभर टन लोखंड वितळवण्याइतकी. औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मध्यम भट्टीचे हे एका दिवसाचे काम. दहा हजार मोटारी मिळून जेवढी वीज खातील तेवढी आपल्याकडचा एक कारखाना आजही खातो, आणि त्याने शहर अंधारात गेलेले नाही.

मग अडचण नाहीच का? आहे, आणि ती डीपीवर आहे. गल्लीतली डीपी शंभर केव्हीएची धरू. तिच्यातून सुमारे नव्वद किलोवॅट मिळतात. तिच्यावर साठ-सत्तर घरे असतात. मे महिन्यात संध्याकाळी सात वाजता कूलर, पंखे, टीव्ही, फ्रिज, पाण्याची मोटार हे सगळे एकदम चालू असते आणि डीपी आधीच कण्हत असते. अशा वेळी कामावरून परतलेल्या दहा गाड्या सात किलोवॅटच्या भिंतीवरच्या चार्जरला लागल्या, तर एकदम सत्तर किलोवॅट वाढले. फ्यूज उडेल, नाहीतर तेल तापून रोहित्रच जाईल. त्याच दहा गाड्या पंधरा अँपियरच्या साध्या सॉकेटवर, सव्वातीन किलोवॅटने, दोन पाळ्यांत भरल्या तर एका वेळी सोळा-सतरा किलोवॅटच वाढतात. दोन्ही वेळी वीज तेवढीच लागली. फरक पडला तो वेळेने. धोरणकर्ते राज्याच्या मेगावॅटची बेरीज करतात आणि ग्राहक गल्लीतल्या फ्यूजकडे बघतो. या दोघांत मला ग्राहकाची नजर जास्त नेमकी वाटते.

वेळ बदलता येते का? माणसांच्या सवयी दराने हलतात का? याचा पुरावा जालन्याच्या भट्ट्यांनी वर्षानुवर्षे दिला आहे. उच्चदाब औद्योगिक ग्राहकांना अनेक वर्षे रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत युनिटमागे दीड रुपयाची सवलत होती, आणि संध्याकाळच्या चढत्या मागणीच्या तासांत जादा आकार होता. ज्या धंद्यात वीज हाच कच्च्या मालानंतरचा सर्वांत मोठा खर्च, तिथे दीड रुपया म्हणजे नफा-तोट्याची रेघ. त्यामुळे भट्टीचे काम रात्रीकडे सरकले. कामगारांच्या पाळ्या, भंगाराचे ट्रक, चहाच्या टपऱ्या, सगळे त्यामागे गेले. कोणी प्रबोधन केले नाही, कोणी पत्रके वाटली नाहीत. दर बदलला आणि औद्योगिक वसाहतीचे दिवस-रात्र बदलले. घरगुती ग्राहक भट्टीमालकासारखा हिशेब करत नाही, असे यावर म्हटले जाईल. पण ज्या घरात पेट्रोलचा भाव चार आण्यांनी उतरला तरी टाकी भरायला माणूस पंपावर जातो, त्या घराला हिशेब कळत नाही असे मानायचे कारण मला दिसत नाही.

गेल्या काही वर्षांत स्वस्त विजेची वेळच पालटली, ही यातली महत्त्वाची गोष्ट. कोळशाचे संच रात्री बंद करता येत नाहीत आणि रात्री मागणी नसते, म्हणून पूर्वी रात्रीची वीज स्वस्त होती. आता भरदुपारी सौरऊर्जा जाळ्यात ओतली जाते आणि सूर्य मावळताच ती नाहीशी होते. 2017 मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2023 मध्ये नव्या रूपात आली आणि उपकेंद्रांजवळच्या जमिनींवर हजारो मेगावॅटचे प्रकल्प उभे राहू लागले. शेतकऱ्याला दिवसा वीज देण्याचे ते साधन आहे आणि रात्री साप-विंचवांत पाणी धरायला जाण्यापासून सुटका करणारी ही योजना मला या राज्यातल्या चांगल्या कामांपैकी एक वाटते. पण पाऊस बरा झाला की पंप बंद राहतात, सूर्य मात्र तळपतोच. तेव्हा ती वीज कोणी वापरायची? 2025 च्या दररचनेने दिशा स्पष्ट केली आहे: उद्योगांची रात्रीची जुनी सवलत गेली, ती सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या तासांकडे आली, आणि संध्याकाळ ते मध्यरात्र महाग झाली. घरगुती ग्राहकालाही, टीओडी मीटर (वेळेनुसार वीज मोजणारा मीटर) असेल तर, 1 जुलै 2025 पासून सकाळी 9 ते 5 या वेळेत युनिटमागे 80 पैसे ते 1 रुपया सवलत लागू झाली. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर 2024 च्या मार्गदर्शक सूचनाही याच धर्तीच्या आहेत. चार्जिंग केंद्रांना सकाळी 9 ते दुपारी 4 या वेळेत सरासरी पुरवठा खर्चाच्या 0.7 पट आणि इतर वेळी 1.3 पट दर असावा, असे त्या सांगतात. म्हणजे देशाचे वीजजाळे दुपारी चार्ज करा म्हणते आहे आणि गाडी विकणारे अजून रात्रीच्याच गोष्टी सांगत आहेत.

दुपारी गाडी घरी नसते, हा पहिला आक्षेप. बरोबर आहे, म्हणूनच चार्जरची मुख्य जागा घर ही नव्हे. जालना आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या दरम्यान रोज अपडाउन करणारे शिक्षक, बँक कर्मचारी, अधिकारी, कारखान्यांतले तंत्रज्ञ यांचा विचार करा. दोन्ही बाजू मिळून एकशेवीस किलोमीटर. पेट्रोलच्या गाडीला आठ लिटर लागतात. शंभरच्या वर गेलेल्या भावाने रोजचे आठशे रुपयांहून जास्त. विजेच्या गाडीला वीसेक युनिट पुरतात; युनिटला बारा रुपये धरले तरी अडीचशेच्या आत. आणि ही गाडी सकाळी दहापासून पाचपर्यंत कचेरीच्या आवारात नुसती उभी असते. सव्वातीन किलोवॅटच्या साध्या सॉकेटवर सात तासांत तेवीस युनिट भरतात. फास्ट चार्जर लागत नाही, मोठे रोहित्र लागत नाही. जिल्हाधिकारी कार्यालय, न्यायालय, महाविद्यालये, मोंढा, औद्योगिक वसाहत, बियाणे कंपन्यांची आवारे, तालुक्याच्या पंचायत समित्या अशा ठिकाणी छप्पर, छपरावर सौर पॅनल आणि खाली मीटर लावलेली दहा-दहा सॉकेट एवढाच हा खर्च आहे. चार्जिंग सेवा देणे म्हणजे वीज विकणे नव्हे, त्याला परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्राने 13 एप्रिल 2018 रोजीच केलेला आहे. तेव्हा कायद्याची आडकाठीही नाही.

घरच्या चार्जिंगबाबत मात्र एक गोष्ट ग्राहकाला कोणी नीट सांगत नाही. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: 100 युनिटांपर्यंत एक, 300 पर्यंत दुसरा, 500 पर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा. ज्या घराचा महिन्याचा वापर नव्वद युनिट, त्या घराने रोज सहा युनिट गाडीत भरले की वापर दोनशे सत्तरवर जातो. गाडीची जवळजवळ सगळी वीज वरच्या टप्प्याने मोजली जाते. अपडाउनवाल्याचे तर बिल थेट पाचशेच्या वर. बिल हाती आल्यावर माणसाला फसवल्यासारखे वाटते, आणि तो ते चार जणांना सांगतो. फेब्रुवारी 2024 च्या नियमदुरुस्तीने गाडीसाठी वेगळी जोडणी मागण्याचा हक्क दिला आहे, आणि ती जोडणी महानगरांत 3, नगरपालिका हद्दीत 7 आणि ग्रामीण भागात 15 दिवसांत द्यावी, असे बंधनही घातले आहे. गाडीच्या पावतीबरोबर या जोडणीचा अर्ज हातात देणारा विक्रेता मला एखाद्या मोठ्या जाहिरातीपेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

वीज कोळशाचीच, मग प्रदूषण फक्त इथून परळीला गेले, असा दुसरा आक्षेप. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबाने देशातल्या एका युनिटमागे 0.7 किलोहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तारांतली आणि चार्जिंगमधली गळती धरली तर इलेक्ट्रिक मोटारीचा वाटा किलोमीटरला 130 ग्रॅमच्या आसपास येतो. लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या पेट्रोलच्या मोटारीचा 150 च्या थोडा वर. फरक आहे, पण बडेजाव करण्याइतका नाही. रात्री चार्ज केलेली गाडी बव्हंशी कोळशावरच चालते. दुपारी चार्ज केलेली गाडी सौरविजेचा मोठा वाटा घेते. मराठवाड्याला यात आणखी एक हित आहे. 2015 च्या दुष्काळात परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. कोळशाच्या विजेला पाणी लागते, पॅनल धुण्यापुरते सोडले तर सौरविजेला लागत नाही. ज्या प्रदेशात उन्हाळ्यात टँकर मोजावे लागतात तिथे ही बाब कार्बनच्या हिशेबाहून जवळची आहे.

तिसरा आक्षेप तांत्रिक आहे आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. मे महिन्यात पारा बेचाळीसवर असताना भरदुपारी बॅटरी चार्ज करायची, तर ती टिकेल का? उष्णता बॅटरीचे आयुष्य कमी करते, यात शंका नाही. पण नुकसान सर्वांत जास्त होते ते तापलेल्या बॅटरीत वेगाने वीज कोंबल्याने. सव्वातीन किलोवॅटच्या संथ चार्जिंगमध्ये बॅटरी फारशी तापत नाही, मोटारींच्या बऱ्याच बॅटरीपॅकना द्रव शीतकरण असते, आणि अलीकडे रुळलेले लोह-फॉस्फेट रसायन उष्णतेला तुलनेने सोशिक आहे. तरीही उघड्या उन्हात चार्जर उभारणे हा निष्काळजीपणा ठरेल. सावली ही चार्जिंग केंद्राची पहिली अट हवी, आणि ती सावली सौर पॅनलची असेल तर एका खर्चात दोन कामे होतात. एप्रिल-मेमध्ये सकाळी 9 ते 12 ही वेळ धरावी. आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची हमी कंपन्या देतात, ती वाचताना उष्णतेबद्दलच्या अटी ग्राहकाने जरूर पाहाव्यात.

चौथा आक्षेप न्यायाचा आहे. ज्या जिल्ह्यात कापूस-सोयाबीनच्या भावावर वर्ष अवलंबून, तिथे दहा-पंधरा लाखांच्या गाडीसाठी सार्वजनिक पैसा का? राज्याच्या 2025 च्या धोरणासाठी 1,993 कोटी रुपयांची तरतूद सांगितली गेली. त्यातली समृद्धीची टोलमाफी ही माझ्या मते सर्वांत कमी उपयोगाची सवलत आहे. ज्याला गाडी परवडते त्याला टोलही परवडतो. तो पैसा गल्लीतल्या डीपीची क्षमता वाढवायला गेला, तर त्याच डीपीवरच्या ज्या घरांत मोटार नाही त्यांचा कूलरही नीट चालेल. सात किलोवॅटचा चार्जर घरी हवाच असेल त्याने रोहित्रवाढीचा आपला वाटा भरावा. आणि सार्वजनिक पैशावर पहिला हक्क एसटीचा असावा. 1 जून 2022 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली इलेक्ट्रिक ‘शिवाई’ धावली. ज्या मार्गावर 1948 मध्ये एसटीची पहिली गाडी सुटली तोच हा मार्ग. आगारात उभी असणारी बस ठरलेल्या वेळी चार्ज करता येते, तिचे वेळापत्रक आधीच माहीत असते, आणि ती चाळीस-पन्नास जणांना नेते. वीजजाळ्याच्या दृष्टीने याहून शिस्तीचा ग्राहक नाही.

याउपर जी हरकत उरते ती विश्वासाची. दुपारच्या सवलतीसाठी टीओडी मीटर हवा, आणि या मीटरबद्दल लोकांच्या मनात किंतु आहे. स्मार्ट प्रीपेड मीटरना राज्यभर विरोध झाला. सामान्य ग्राहकांना ते लावणार नाही, असे जून 2024 मध्ये जाहीर करावे लागले. पुढे पोस्टपेड टीओडी मीटर बसू लागले. लोकांनी यात सवलतीचा मीटर पाहण्याऐवजी मागच्या दाराने आलेला तोच मीटर पाहिला. भट्टीवाल्यांनीही पाहिले आहे की ज्या रात्रीच्या सवलतीवर त्यांनी पाळ्या बांधल्या, ती काढून घेतली गेली. वीज स्वस्त असण्याची वेळ बदलली तर दर बदलणे योग्यच, पण गाडी आठ-दहा वर्षांसाठी घेतली जाते. दुपारचा दर किमान तेवढ्या काळासाठी बांधून देण्याचे धाडस नियामक आयोग दाखवणार नसेल, तर ग्राहकाने सवयी बदलाव्यात अशी अपेक्षा करण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही.

मूळ प्रश्नाला, ‘लाइट गेली तर?’ला, आणखी एका बाजूने उत्तर आहे. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरात इन्व्हर्टर आहेच. दीडशे अँपियर-अवरच्या त्या बॅटरीत जेमतेम पावणेदोन युनिट मावतात. तेवढ्यावर दोन पंखे आणि चार दिवे काही तास चालतात. चाळीस युनिटांची मोटार म्हणजे असे वीसहून अधिक इन्व्हर्टर दारात उभे. गाडीतून बाहेर वीज घेण्याची सोय 2023 पासून भारतीय बनावटीच्या मोटारीतही आली आहे. जपानमध्ये 2011 च्या भूकंपानंतर मोटारीवर घर चालवण्याची यंत्रणा याच गरजेतून वाढली. ज्या अविश्वासामुळे माणूस आज गाडी घेत नाही, त्याच अविश्वासामुळे तो उद्या ती घेऊ शकतो. गाडीने जाळ्यालाच वीज परत विकायची, ही पुढची पायरी. कोपनहेगनजवळच्या फ्रेडरिक्सबर्गमध्ये 2016 पासून दहा व्हॅननी ते करून दाखवले. आपण त्याची घाई करू नये. जिथे छपरावरच्या सौरविजेची वजावट बिलात नीट आली नाही म्हणून माणसे कार्यालयात खेटे घालतात, तिथे गाडीतून विकलेल्या विजेचा हिशेब कोण ठेवणार? आधी एकाच दिशेची वीज वेळेवर जाऊ द्यावी.

एक धोका मात्र आजच लक्षात घ्यायला हवा. लाइट गेली आणि परत आली की सगळे इन्व्हर्टर, फ्रिज, कूलर एकदम वीज ओढतात. पुष्कळदा त्याच क्षणी फ्यूज पुन्हा उडतो. त्यात दहा गाड्या मिसळल्या तर? ब्रिटनने 2022 पासून घरगुती चार्जरवर नियम घातला की वीज आल्यावर प्रत्येक चार्जरने काही मिनिटांचा वेगवेगळा, यदृच्छ विलंब करूनच सुरू व्हावे, आणि मूळ रचनेत गर्दीचे तास टाळलेले असावेत. चार्जरच्या आतल्या प्रणालीतला एवढासा बदल जालन्यासारख्या ठिकाणी ब्रिटनपेक्षा कितीतरी अधिक गरजेचा आहे, कारण लाइट जाण्या-येण्याचे प्रसंगच इथे जास्त. अनुदान द्यायचेच असेल तर अशा विलंबाच्या चार्जरलाच द्यावे.

शेवटी, भरवसा मागायचा तर आधी माहिती द्यावी लागते. कोणत्या फीडरवर महिन्याभरात किती वेळा आणि किती तास वीज गेली, कोणत्या डीपीवर किती भार आहे आणि किती शिल्लक आहे, हे गाडी घेऊ पाहणाऱ्या माणसाला कळले तर त्याचा निर्णय ऐकीव गोष्टींवर राहणार नाही. मंठ्याच्या एखाद्या गल्लीत तो निर्णय ‘अजून दोन वर्षे नको’ असा होईल, जालन्याच्या एखाद्या वसाहतीत ‘आजच घ्या’ असा होईल, आणि दोन्ही बरोबर असतील. फीडरनिहाय खंडित पुरवठ्याची नोंद महावितरणकडे असते. ती दर महिन्याला उपकेंद्राच्या फाटकावर आणि तालुक्याच्या कार्यालयात मराठीत लावायला नवे धोरण लागत नाही, अनुदान लागत नाही, मंत्रिमंडळाची बैठकही लागत नाही. जिल्ह्यातल्या आठही तालुक्यांत ही मागणी ग्राहक पंचायतींनी, वकील संघांनी, व्यापाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनी मिळून करावी, अशी माझी या सभागृहाला विनंती आहे.